विद्यापीठ म्हणजे नेमके कोण?

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

‘विद्यापीठाने ठरवले आहे’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. परीक्षेची तारीख पुढे गेली, विद्यापीठाने ठरवले. अभ्यासक्रमातून एक पुस्तक गेले आणि दुसरे आले, विद्यापीठाने ठरवले. निकाल लांबला, तेही विद्यापीठानेच. हे वाक्य ऐकले की आपण मुकाट्याने मागे फिरतो; जणू विद्यापीठ म्हणजे पावसासारखे वरून येणारे काहीतरी आहे आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु पाऊस कुणी ठरवत नाही. विद्यापीठाचा प्रत्येक निर्णय मात्र कोणत्या तरी सभागृहात, टेबलाभोवती बसलेल्या हाडामांसाच्या माणसांनी घेतलेला असतो. ही माणसे कोण, ती तिथे पोचतात कशी, आणि त्यांना तिथे पाठवणाऱ्यांत आपला काही वाटा आहे का, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण संसद शिकतो, विधिमंडळ शिकतो; राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील मतमूल्याचे गणितही परीक्षेसाठी पाठ करतो. पण ज्या संस्थेच्या नावाने आपली पदवी निघणार, तिचा कारभार कोण चालवते, असे वर्गातल्या मित्रमैत्रिणींना विचारले तेव्हा बहुतेकांचे उत्तर ‘कुलगुरू’ या एका शब्दावर थांबले. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे.

तीन सभागृहे

महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इत्यादी ठिकाणच्या बिगर-कृषी सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६’ या कायद्याने चालतो. तो १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. त्यापूर्वी १९९४ चा कायदा होता, आणि त्याआधी १९७४ पासून प्रत्येक विद्यापीठाचा वेगवेगळा कायदा होता.

या कायद्यात विद्यापीठाची अनेक ‘प्राधिकरणे’ सांगितली आहेत. त्यातली तीन ध्यानात ठेवली तरी पुरे. पहिली अधिसभा, म्हणजे आपण जिला ‘सिनेट’ म्हणतो ती. ही मोठी सभा होय. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प, जमाखर्च आणि अहवाल तिच्यापुढे येतात. सदस्य प्रश्न विचारतात, ठराव मांडतात. दुसरी व्यवस्थापन परिषद. पूर्वी हिला कार्यकारी परिषद म्हणत. रोजच्या कारभाराची खरी किल्ली हिच्याकडे असते. पैसा, मालमत्ता, नियम या साऱ्याचा निर्णय इथे होतो. तिसरी विद्यापरिषद. अभ्यासक्रम, परीक्षा आणि अध्यापनाचा दर्जा हे तिचे क्षेत्र.

एखाद्या गावाची उपमा द्यायची तर अधिसभा म्हणजे ग्रामसभा आणि व्यवस्थापन परिषद म्हणजे पंचायत. ग्रामसभेत बोलता येते. पण तिजोरी उघडते ती पंचायतीच्या हातून. म्हणून ‘विद्यापीठ म्हणजे कोण’ या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर ‘व्यवस्थापन परिषद’ असे द्यावे लागेल.

आत येण्याची दारे

या परिषदेत येण्यास मुख्यतः तीन दारे आहेत.

पहिले दार पदाचे. कुलगुरू हे परिषदेचे अध्यक्ष. प्र-कुलगुरू, उच्च शिक्षण खात्याचे अधिकारी हे पदामुळेच सदस्य होतात. कुलसचिव हे सचिव या नात्याने बसतात. माणूस बदलला तरी खुर्ची कायम राहते.

दुसरे दार नामनिर्देशनाचे. कुलपती, म्हणजे राज्याचे राज्यपाल, परिषदेवर बाहेरच्या क्षेत्रातील एका नामवंत व्यक्तीची नेमणूक करतात. कुलगुरू अधिष्ठात्यांपैकी आणि विद्यापीठ विभागांच्या प्रमुखांपैकी काहींना नेमतात. इथे मतपत्रिका नसते. नेमणाऱ्याचा विवेक हाच निकष.

तिसरे दार निवडणुकीचे. अधिसभा आपल्यामधून आठ जणांना परिषदेवर निवडून पाठवते : दोन प्राचार्य, दोन संस्थाचालकांचे प्रतिनिधी, दोन अध्यापक आणि दोन नोंदणीकृत पदवीधर. विद्यापरिषदही आपले प्रतिनिधी पाठवते.

आता अधिसभेतले हे सदस्य कुठून येतात? त्यासाठी वेगवेगळे मतदारसंघ आहेत. प्राचार्य प्राचार्यांना निवडतात आणि त्यांच्या दहा जागा असतात. महाविद्यालयांतील अध्यापक अध्यापकांना निवडतात, त्यांच्याही दहा. संस्थाचालकांच्या सहा. आणि नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा. त्यात पाच खुल्या व पाच राखीव. राखीव जागांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. यांखेरीज कुलपतींनी नेमलेले सदस्य, विधिमंडळाचे प्रतिनिधी, विद्यापीठ विभागांतील अध्यापक असे अनेक जण अधिसभेत असतात. अधिसभेची मुदत पाच वर्षांची.

या रचनेतली एक बारीक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पदवीधरांचे दहा प्रतिनिधी अधिसभेत जातात. पण त्या दहांतले कोणते दोघे व्यवस्थापन परिषदेत बसायचे हे पदवीधर मतदार ठरवत नाहीत, सगळी अधिसभा ठरवते. म्हणजे त्या मतदानात प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक आणि नामनिर्देशित सदस्य अशा सर्वांची मते पडतात. त्यामुळे पदवीधरांच्या मतावर निवडून आलेला माणूस किल्लीपर्यंत पोचायचा असेल, तर त्याला इतरांशी जुळवून घ्यावे लागते. गटांची बोलणी, देवाणघेवाण, कधी कधी बिनविरोध निवड, हे सारे या पायरीवर घडते. याला लगेच ‘राजकारण’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही; अप्रत्यक्ष निवडणुकीचा तो स्वभावच आहे. मात्र मतदार आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यात एक भिंत उभी राहते, हेही तितकेच खरे.

कुलगुरू कसे निवडले जातात

परिषदेचे अध्यक्ष असलेल्या कुलगुरूंची निवड हा वेगळा आणि वादाचा विषय. कायद्याप्रमाणे एक शोध समिती नेमली जाते. ती अर्जांची छाननी करून, मुलाखती घेऊन काही नावांची यादी कुलपतींना देते. त्यातून कुलपती एकाची नेमणूक करतात. मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते.

समितीत कोण असावे यावरूनच मोठे वाद झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या आपल्या नियमांत आयोगाच्या अध्यक्षांनी सुचवलेली एक व्यक्ती समितीत असावी असे म्हटले. राज्यांच्या कायद्यांत तशी तरतूद नसली तर काय? मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक याच कारणावरून रद्द ठरवली, तेव्हा साऱ्या राज्यांचे डोळे उघडले.

आपल्या राज्यात त्याच सुमारास दुसरा वाद पेटला होता. २८ डिसेंबर २०२१ रोजी विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. कुलगुरुपदासाठी राज्य सरकारने दोन नावे राज्यपालांकडे पाठवावीत आणि त्यांतून राज्यपालांनी एक निवडावे, तसेच उच्च शिक्षणमंत्री हे प्र-कुलपती असावेत, असा त्याचा आशय होता. समर्थकांचे म्हणणे असे की लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला विद्यापीठांच्या बाबतीत काहीच अधिकार नसावा हे विचित्र आहे. विरोधकांचे म्हणणे असे की यामुळे मंत्रालय विद्यापीठात येऊन बसेल. पुढे २०२२ मध्ये सरकार बदलले आणि ते विधेयक मागे घेण्याचे ठरले.

दोन्ही बाजूंची भाषणे वृत्तपत्रांत वाचताना मला एक गोष्ट जाणवली. झगडा होता तो राजभवन की मंत्रालय, असा. ज्यांच्यासाठी विद्यापीठ चालते त्या विद्यार्थ्यांचे आणि पदवीधरांचे नाव त्या वादात क्वचितच आले.

थोडा इतिहास

नेमणूक की निवडणूक हा प्रश्न आजचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा गव्हर्नर हे कुलपती होते आणि अधिसभेचे सदस्य, ज्यांना ‘फेलो’ म्हणत, ते सरकारने नेमलेले किंवा पदसिद्ध असत. मुंबईचे बिशपही त्यात पदसिद्ध होते. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे एतद्देशीय पुढारी सुरुवातीपासून फेलो होते. पण तेही नेमलेलेच. फेलोपद तेव्हा तहहयात असे.

लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ साली भारतीय विद्यापीठ कायदा आला. त्याने फेलोंची संख्या शंभरावर जाऊ नये असे ठरवले, मुदत पाच वर्षांची केली, आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन विद्यापीठांत नोंदणीकृत पदवीधरांना दहा फेलो निवडण्याचा हक्क दिला. आणखी दहा विद्याशाखांनी निवडायचे, बाकीचे सारे कुलपतींनी नेमायचे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. सुधारणेच्या नावाखाली विद्यापीठे सरकारच्या मुठीत जातील, ही त्यांची भीती होती. आणि शंभरांत ऐंशी नेमलेले म्हटल्यावर ती निराधार म्हणता येत नाही.

वाचकांच्या लक्षात आले असेलच : १९०४ साली मुंबईच्या पदवीधरांना दहा जागा, आणि २०१६ च्या कायद्यातही दहाच. या शतकाहून अधिक काळात पदवीधरांची संख्या किती पटींनी वाढली! १८६२ साली न्यायमूर्ती रानडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत बी. ए. झाले, तेव्हा एका बाकावर मावतील इतकेच पदवीधर होते. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी पदवीधर आहेत. तरी दाराची रुंदी तेवढीच राहिली आहे.

नेमणूक वाईट आणि निवडणूक चांगली?

इतके सोपे उत्तर मला मान्य नाही. नामनिर्देशनाला एक बाजू आहे. एखादा थोर शास्त्रज्ञ, एखादी नाटककार, एखादा सहकार चळवळीतला जाणता कार्यकर्ता दारोदार मते मागत फिरणार नाही. त्यांचा लाभ विद्यापीठाला व्हायचा असेल तर कुणीतरी त्यांना सन्मानाने बोलवायला हवे. निवडणुकीत नेहमी बाजूला पडणाऱ्यांनाही नेमणुकीने जागा मिळू शकते.

पण तिचा दोषही उघड आहे. ज्याने नेमले त्याच्या चुकीवर बोट ठेवायला नेमलेला माणूस कचरतो. तो प्रामाणिक असला तरी आपण कुणामुळे इथे बसलो आहोत हे तो विसरत नाही. आणि त्याने वाईट काम केले तर विचारणार कोण? त्याचा मतदारच नाही.

निवडणुकीचे दोष आपल्याला तोंडपाठ आहेत. संघटनांची ‘पॅनेल’ उभी राहतात, पक्षांचे झेंडे येतात, उमेदवाराचे शिक्षणविषयक विचार कुणी वाचत नाही. तरीही पाच वर्षांनी त्याला पुन्हा दारात यावे लागते, हा एक गुण या साऱ्या दोषांना पुरून उरतो. माझे मत असे की सदस्य कोणत्या दाराने आला यापेक्षा त्याला जाब कोण विचारू शकतो, हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर पाहिले तर सामान्य माणसाला जाब विचारता येतो असे एकच दार उरते : नोंदणीकृत पदवीधरांचे.

हे दार आपण ओलांडतो का?

इथे मी घरातले उदाहरण देतो. माझी थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी पदवीधर झाली. तिच्या विद्यापीठाचा निकाल इतका लांबला की दुसऱ्या शहरात तिला मिळालेला पुढचा प्रवेश हातचा गेला. वर्ष वाया गेले. वडिलांनी भरलेले वसतिगृहाचे पैसे गेले ते वेगळेच. पुढे अधिसभेची निवडणूक लागली तेव्हा ताई मोठ्या हिरिरीने म्हणाली, ‘आता मी मत देणार, आणि देण्याआधी उमेदवाराला विचारणार की निकालाचे काय करणार ते सांगा.’ चौकशी केली तर कळले की मतदारयादीत तिचे नावच नाही. पदवी मिळाली म्हणजे आपोआप मतदार होतो असा तिचा, आणि आम्हा सगळ्यांचाच, समज होता. तसे नसते. वेगळा अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते, आणि हे सारे ठरलेल्या मुदतीत करावे लागते. ती मुदत केव्हाच संपली होती. ज्यांना संघटनांनी अर्ज भरून दिले त्यांची नावे यादीत होती. जिला खरोखर प्रश्न विचारायचा होता, तिचे नव्हते.

म्हणून मी म्हणतो की ही निवडणूक मतदानाच्या दिवशी होतच नाही. ती नोंदणीच्या महिन्यात होऊन जाते. ज्या संघटनेने जास्त अर्ज गोळा केले तिची बाजू तिथेच जड होते. आपण नंतर ‘विद्यापीठात राजकारण शिरले आहे’ असे म्हणून मोकळे होतो. पण आपण रिकामी ठेवलेली जागाच कुणीतरी भरलेली असते.

नोंदणी झाली तरी सारे सुरळीत होते असे नाही. मुंबई विद्यापीठाची पदवीधर मतदारसंघाची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर होऊन स्थगित झाली आणि मतदान प्रत्यक्षात २४ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. मधल्या काळात अर्थसंकल्पावर पदवीधरांच्या वतीने बोलायला सभागृहात निवडून आलेले कुणी नव्हते.

विद्यार्थी असतानाच बोलण्याचाही एक मार्ग कायद्यात आहे. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते; त्यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीने १९७१ च्या अहवालात विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांच्या सहभागाचा विचार केला होता. २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका पुन्हा मान्य केल्या. २०१९ साली त्या घ्यायच्या ठरल्या आणि लांबणीवर पडल्या.

मत द्यायचे कसे

एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इथे पदवीधरांचीही फजिती होते. या निवडणुकीत फुली किंवा शिक्का मारायचा नसतो. पसंतीक्रम द्यायचा असतो. सर्वांत आवडत्या उमेदवारापुढे १, त्यानंतरच्या पुढे २, असे आकडे लिहायचे. नुसती बरोबरची खूण केली तर मत बाद होते.

निवडून येण्यासाठी ठरावीक ‘कोटा’ गाठावा लागतो. समजा खुल्या पाच जागांसाठी सहा हजार मते वैध ठरली. जागांमध्ये एक मिळवायचा, म्हणजे सहा. सहा हजारांना सहाने भागले की हजार. त्यात एक मिळवला की कोटा झाला १००१. ज्याला पहिल्या पसंतीची एवढी मते पडली तो निवडून आला. त्याची जास्तीची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. आणि कुणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत मागच्याला बाद करून त्याची मते वाटली जातात. या पद्धतीमुळे लहान गटालाही एखादी जागा मिळण्याची संधी राहते. हजार माणसे एकमताने उभी राहिली तर काय होऊ शकते, हे या गणितातून दिसते.

आपण काय करावे

शेवटच्या वर्षात असलेल्या माझ्या वर्गबंधू-भगिनींना माझी विनंती एवढीच. पदवी प्रमाणपत्र हाती येताच त्याची एक प्रत नोंदणीसाठी बाजूला काढून ठेवा. नोंदणीची सूचना विद्यापीठाच्या पत्रकात केव्हा येते याकडे लक्ष असू द्या; एकदा नोंदलेले नाव पुढच्या निवडणुकीपर्यंत चालेल असे गृहीत न धरता प्रत्येक वेळी यादी तपासा. उमेदवार दारात आला की त्याला एकच प्रश्न विचारा : मागच्या पाच वर्षांत तुम्ही किंवा तुमच्या संघटनेने अधिसभेत कोणते प्रश्न मांडले?

प्राध्यापकवर्गालाही एक सुचवावेसे वाटते. आपण स्वतः या निवडणुकीत मतदार आहात आणि उमेदवारही होता. आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर अधिसभेत गेलेल्या अध्यापकांची आणि पदवीधर प्रतिनिधींची नावे लावता आली, ग्रंथालयात या कायद्याची एक मराठी प्रत ठेवता आली, आणि पदवीदानाच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर नोंदणीचा कोरा अर्जही देता आला, तर फारसा खर्च न होता पुष्कळ काम होईल.

मग पुढच्या खेपेस कुणी आपल्याला ‘विद्यापीठाने ठरवले आहे’ असे सांगितले, की आपण मुकाट्याने मागे न फिरता शांतपणे विचारू शकू : कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला, आणि आमच्या प्रतिनिधीने तिथे काय मत दिले?